वरच्या गोठ्यातला बैल

पोळा काल झाला. आज सकाळी जामखेडच्या एसटीतून नगरला उतरून घराकडे चालले होते, तर बाजारातल्या पोळ्याच्या सामानाच्या दुकानासमोर पाय आपोआप मंदावले. दुकानदार न खपलेला माल आवरत होता. गोंड्यांचे झुबके, रंगीत म्होरक्या, सुताचे कासरे, बेगडाच्या गुंडाळ्या, सगळं पोत्यात परत चाललं होतं, आणि एका डबीचं झाकण निघून तांबडा रंग फळीवर सांडला होता. तेलरंगाचा तो उग्र वास आणि त्याच्या आडून येणारा नव्या दोराचा कोरा वास. दुकानदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, बैल विसरला की काय सजवायचा? पोळा झाला की काल." मी हसले आणि पुढे झाले. ज्या बैलामुळे हा वास माझ्या नाकात जन्मभरासाठी बसला आहे, त्याला आता रंग लावायचा नाही असं ठरून गेलं आहे. आणि तो बैल हाडामासाचा नाही, हे त्या भल्या माणसाला रस्त्यात उभं राहून कुठे सांगत बसणार? म्हणून तुम्हाला सांगते.

जामखेडच्या बाजूच्या डोंगरात माझ्या मामाचं गाव. एकाच जिल्ह्यात राहूनही आमच्याकडच्या माणसांना पुणतांबा, कोपरगाव म्हणजे परमुलूख वाटायचा. तिकडे गोदावरी, ऊस, साखर कारखाने. इकडे माळ, कुसळी गवत आणि आभाळाकडे लागलेले डोळे. तिकडचे कुणी पाहुणे आले की ओसरीवर चहा पिता पिता समोरच्या डोंगराकडे बघत आणि कीव आल्यासारखं विचारत, "इथं पिकतं तरी काय?" माझी मामी पदर सावरत म्हणायची, "दगड. लई गोड असत्यात. जाताना बांधून देते." मामी अशी होती. बुटकी, काळीसावळी, बोलायला फटकळ आणि रडू आलं की आधी कुणाला तरी रागावणारी. तिचं रडणं ओळखायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

गावाच्या मागं डोंगर चढायला लागलं की अर्ध्या वाटेत खडकानं कपाळ पुढे काढल्यासारखी एक कपार आहे. धो धो पाऊस पडला तरी आतली माती कोरडी राहते. तिला गाव वरचा गोठा म्हणतं. आतल्या भिंतीवर तांबूस रंगात काढलेली चित्रं आहेत. काड्यांसारखे हातपाय असलेली माणसं, ठिपक्यांची एक वाकडी रांग, फणीसारखं काहीतरी, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक मोठं जनावर. वशिंड स्पष्ट, पाठीची रेघ एका दमात ओढलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मामीला विचारलं होतं, हे कुणी काढलं? ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी डोंगर कुणी ठेवला असं विचारतेय. "काढतंय कोन? हाय ते हाय," म्हणाली. पुढे शिकले, चार पुस्तकं वाचली, माणसानं शेती करायच्याही आधी खडकावर चित्रं काढली हे कळलं, तरी त्या कपारीपुरतं मामीचं उत्तर माझ्या मनातून कधी पुरतं गेलं नाही. काही गोष्टींना माणूस इतका सरावतो की त्यांना सुरुवात असेल हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

त्या गावात एक रीत होती. मी ती दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. इतर गावांत ज्याच्या घरी बैल नाही तो कुंभाराकडून मातीची जोडी आणतो, पाटावर मांडून पुरणपोळी दाखवतो आणि मोकळा होतो. मामाच्या गावात मातीचे बैल पोरांना खेळायला. ज्या घरचा बैल त्या सालात मेला किंवा विकावा लागला, त्या घरानं पोळ्याच्या दिवशी वरच्या गोठ्यात जायचं आणि भिंतीवरच्या बैलाला सजवायचं. शिंगांना हिंगूळ लावायचा, म्हणजे बैलांची शिंगं रंगवायचा तो तांबडा रंग. अंगावर रंगाचाच हात फिरवायचा, गळ्यात रंगाचीच माळ काढायची, नैवेद्य दाखवायचा आणि खाली यायचं. ज्यांची दावण भरलेली त्यांनी तिकडे फिरकायचं नाही. त्यामुळे एखाद्या साली दोन घरं वर जात, एखाद्या साली कुणीच नाही. खाली वेशीत ढोल वाजत असताना डोंगराच्या वाटेनं ताट झाकून निघालेली बाई दिसली की माणसं बोलणं थांबवून तिला वाट देत.

मी चौथीत असताना वडिलांची बदली झाली आणि शाळेचं वर्ष बुडू नये म्हणून मला मामाकडे ठेवलं. मामाचा एकच बैल होता. शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून दोन्ही घरांची शेतं कसायची, असा व्यवहार. शेजारचा बैल वयानं लहान म्हणून आमच्याला सगळे थोरला म्हणत. पांढरा, मानेवर राखाडी झाक असलेला, आणि मामीच्या मते स्वभावानं मामापेक्षा बराच बरा. त्या वर्षी श्रावण लागला आणि थोरला बसला. शेतकऱ्याच्या घरात बैल बसला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दमून बसणं वेगळं. हे बसणं म्हणजे जनावराचं बळ जातं, ते पाय पोटाखाली घेऊन खाली येतं आणि पुन्हा उठत नाही. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. चार गडी आले, पोटाखालून पोती घातली, वासे लावले आणि जोर करून त्याला उभा केला. हात सोडले तसा तो पुन्हा खाली. मामी काही ऐकायला तयार नव्हती. रोज सकाळी ती गडी बोलवून आणायची, रोज त्याला उभा करायला लावायची, आणि तो ढासळला की त्याच्यावरच ओरडायची, "ऊठ की रं! नाटकं करतूस व्हय? पोळा आलाय तोंडावर, ऊठ!" थोरला डोळे मिटून ऐकून घ्यायचा. पोळ्याला दोन-तीन दिवस राहिले असताना तो गेला. मामी त्या दिवशी मामाला, मला, शेजाऱ्याला, डॉक्टरला, सगळ्यांना बोल बोल बोलली.

पोळ्याला ती वर निघाली आणि मला बरोबर घेतलं. माझ्या हातात पुरणपोळीचं ताट, तिच्या हातात हिंगुळाची वाटी. कपारीत पोचल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली. त्या बैलावर तेव्हाही कितीतरी घरांचे हात फिरलेले होते. रंगावर रंग चढून तो चांगला दणकट झाला होता. मामीनं शिंगं रंगवली, माळ काढली, आणि मग तिचं लक्ष पायांकडे गेलं. पुढचा एक पाय फिकट पडला होता आणि जरा आखूडही होता. तिनं बोट हिंगुळात बुडवून तो पाय खाली ओढायला सुरुवात केली. ओढत ओढत भिंतीच्या तळाशी जो दगडाचा कंगोरा आहे तिथपर्यंत आणला, त्याला जाडजूड खूर काढला आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "आता बघते कसा बसतूस ते." मग खाली मान घालून ती तांबडं बोट पदराला पुसत राहिली. लुगडं खराब होतंय हे मी सांगितलं नाही. एवढी अक्कल मला चौथीतही होती.

पुढची वर्षं भराभर गेली. शिक्षण, नोकरी, संसार, सगळं नगरला झालं. गावी जाणं लग्नाकार्यापुरतं उरलं. अन् मधल्या काळात गावात ट्रॅक्टर आले. आधी एक, मग चार, मग ज्याच्याकडे नाही तो भाड्यानं आणू लागला. दावणी रिकाम्या झाल्या, गोठ्यांत मोटारसायकली आणि खताची पोती आली. यात नवल काहीच नाही, सगळीकडे हेच झालं. पण मामाच्या गावाच्या रीतीनं इथे एक अजब वळण घेतलं. ज्याच्या घरी बैल नाही त्यानं वर जायचं, आणि आता तर कुणाच्याच घरी बैल नव्हता! पोळ्याला सगळं गाव डोंगर चढू लागलं. जी वाट झाकलेल्या ताटांची होती तिथं जत्रा भरू लागली. हिंगुळाच्या वाट्या जाऊन तेलरंगाचे डबे आले. कुणी शिंगं पोपटी केली, कुणी अंगाला चंदेरी रंग फासला, एका हौशी गृहस्थानं डोळ्यांना लांब पापण्या काढल्या. काड्यांची माणसं त्या रंगाखाली गेली, ठिपक्यांची रांग गेली. एकदा गेले तेव्हा तो बैल पाहून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला लाडानं नवरदेव करून बसवावं, तसा तो दिसत होता. पण यात कुणाचा दोष काढणार? प्रत्येक घर आपापल्या गेलेल्या बैलासाठीच वर येत होतं. प्रेमाचा हात फार झाला की त्याखाली काय काय दबून जातं ते प्रेम करणाऱ्याला दिसत नाही.

मग पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. तरुण, उन्हानं रापलेल्या, बोलायला मऊ आणि कामाला चिवट. त्यांनी भिंतीचे फोटो काढले, वरचे रंगसुद्धा एकेक करून टिपून घेतले. गावाला पारावर जमवून सांगितलं, की हे चित्र फार फार जुनं आहे, किती ते आत्ता नक्की सांगता येणार नाही, पण तुमच्या-आमच्या कुठल्याच गावाला नाव पडण्याच्या आधीचं आहे. गाव खूश झालं. आपला बैल एवढा मोठा निघाला म्हणून कुणी पेढेही वाटले. कपारीपुढे लोखंडी कठडा आला, संरक्षित स्मारकाचा निळा फलक आला, गावातलाच एक जण रखवालदार म्हणून लागला. इथवर सगळं गोडीगुलाबीनं झालं. त्यानंतर बाई आणि त्यांची माणसं काडीला कापूस गुंडाळून, कसल्याशा द्रावणात बुडवून, तेलरंग हळूहळू उतरवू लागली. पोपटी शिंगं गेली, पापण्या गेल्या. त्यांचं कुणाला दुःख झालं नाही. पण उन्हाळाभर काम करून ती माणसं पुढच्या पायांपर्यंत पोचली, आणि रंगाबरोबर पायच उतरले. मूळच्या चित्रात ते लांब, उभे पाय नव्हतेच! ते गावानं पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे ओढून खाली आणले होते.

मामेभावाचा फोन आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. "आक्का, तू ये बाई. गाव पेटलंय. बैलाचे पाय तोडले म्हनत्यात. सगळ्यांनी रंग आनलाय, उद्या कठडा वलांडून पाय परत काढनार. आन आई सगळ्यांच्या म्होरं हाय." मी विचारलं, त्या बाई काय म्हणतात? तर त्यांनी हात जोडून एकच सांगितलं होतं: आता भिंतीवर पुन्हा रंग चढला तर तो उतरवता येणार नाही, कारण दगड आणखी एकदा धुणं सोसणार नाही, मूळचा रंगच निघून येईल. म्हणजे उद्या गावानं डबे उघडले की कुणा अनाम माणसाच्या हातचं ते चित्र कायमचं संपणार होतं. मी पहाटेची गाडी धरली.

मामी तोवर बरीच थकली होती. तरी काठी टेकत, थांबत थांबत ती चढली. मी वाटेत समजावू लागले तर म्हणाली, "तू मला शिकवू नगंस. त्यात माझा हात हुता. मी पाय दिला त्याला. ह्यांनी कापसानं पुसला." तिच्या हातात स्टीलच्या डब्यात हिंगूळ होता, या वयात तो कुठून पैदा केला होता कोण जाणे. आमच्या मागे-पुढे गाव चढत होतं, हातात डबे, ब्रश, ताटं. कपारीशी बाई आणि रखवालदार असे दोघेच उभे होते. पोलीस बोलावले नव्हते. बाईंचा चेहरा उतरलेला होता, पण त्या बाजूला झाल्या आणि मामीला म्हणाल्या, "आजी, आधी बघा तर खरं. मग तुम्ही म्हणाल तसं." नंतर त्यांनी मला सांगितलं, की त्या वेळी दुसरं काही सुचलंच नव्हतं.

मामीनं बघितलं. मीही बघितलं. मागच्या अंगावर अजून गावाचे रंग होते, पण मानेपासून पुढचा भाग स्वच्छ झाला होता, आणि रंगाखालून निघालेली ती तांबूस रेघ फार हलक्या, फार खात्रीच्या हातानं ओढलेली होती. मान पुढे लांबवलेली. पुढचे दोन्ही पाय दुमडून पोटाशी घेतलेले. बाई हळू आवाजात सांगत होत्या, "याबद्दल आमच्यातही मतं आहेत. पाय पोटाशी घेतलेत म्हणून काहींना तो भरधाव पळणारा वाटतो. काहींना वाटतं, बसलाय. आम्हाला ठाऊक नाही."

"पळतुया?" मामी म्हणाली. ती कठड्याला धरून वाकली होती. "न्हाई बाई. बसलाय त्यो." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "असाच बसला हुता. अगदी अशीच मान टाकून."

मागून एकजण म्हणाला, "म्हातारे, सरक जरा. डबा उघडू दे."

मामी गर्रकन वळली आणि रागावली. माझ्या मनात आलं, म्हणजे आता रडतेय. "काय उघडतूस? काय उघडतूस रं? बसल्या जनावराला शिंगं रंगवत्यात व्हय? घरात कुनी आजारी पडलं तर त्याला फेटा बांधून वरातीत नाचवतूस? बसलाय त्यो. त्याला उठवत नसंल. माझ्या थोरल्याला मी जीव जाईस्तवर ऊठ ऊठ म्हनलं. वासं लावलं, पोती लावली. त्यानं एकडाव डोळं उघडून बघितलं माझ्याकडं, तरी मी म्हनलं ऊठ. त्याला नुसतं बसायचं हुतं. एवढंच मागत हुता." मग तिनं काठीनं भिंतीकडे दाखवलं. "ह्याला तरी बसू द्या."

डबा उघडू म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गोठ्यातून काही सालांपूर्वी शेवटची जोडी बाजारात गेली होती, हे मला मामेभावानं नंतर सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला आणि विचारलं, "मग पोळ्याला करायचं काय आमी?" मामी कठड्याला टेकून खाली बसत म्हणाली, "बसल्या जनावरापाशी काय करत्यात? बसायचं. पानी ठिवायचं. आन गप ऱ्हायचं." तिनं हिंगुळाचा डबा माझ्याकडे दिला. खाली उतरताना मी तो ओढ्याच्या पाण्यात रिकामा केला.

त्यानंतर मागचं अंगही स्वच्छ झालं. काड्यांची माणसं वर आली, ठिपक्यांची रांग आली. मामीनं दिलेला पाय कुठल्या कापसाच्या बोळ्यातून गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. बाईंनी एकदा मला म्हटलं होतं, की जपायचं तर काहीतरी पुसावं लागतं, आणि काय पुसायचं हे शेवटी कुणाला तरी ठरवावं लागतं. मला त्यांचं पटतं. आणि तरीही त्या लांब, बेढब पायांची मला आठवण येते. खडकावरच्या त्या पहिल्या माणसाला कायद्यानं संरक्षण मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण एका खचलेल्या जनावराला पिढ्यान्‌पिढ्या उभं करू पाहणाऱ्या त्या बायामाणसांनीही त्या भिंतीवर काहीतरी काढलंच होतं. ते आता फोटोत आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्यातल्या उरलेल्यांच्या आठवणीत. काळ कुणाला कुठे ठेवतो याला काही नियम नसावा. कुणाला दगडात ठेवतो, कुणाला माझ्यासारखीच्या नाकात बसलेल्या वासात.

गाव अजूनही पोळ्याला वर जातं. तांब्याभर पाणी कठड्याशी ठेवतं, थोडा वेळ बसतं आणि उतरतं. पोरांनासुद्धा तिथं आवाज करू देत नाहीत. मीही दर साली जात आले, मामीच्या शेजारी बसत आले. एक गोष्ट मात्र मी तिला कधी बोलले नाही. मला तो बैल बसलेला दिसायचाच नाही. मला तो पळताना दिसायचा. मान पुढे काढून, पाय पोटाशी घेऊन, सगळा माळ एका झेपेत मागे टाकणारा. मामी डोळे पुसत त्याच्याकडे बघायची आणि मी तिच्याशेजारी बसून मनातल्या मनात त्याला पळवत असायची.

मामी गेल्या माघात गेली. शेवटचा महिनाभर अंथरुणाला खिळून होती. मी जवळ होते; ऊठ म्हणाले नाही.

काल एकटीच वर गेले. गाव येऊन गेलं होतं, कठड्याशी तांबे मांडलेले होते. मी बराच वेळ उभी राहून त्याला पळताना बघायचा प्रयत्न केला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, डोळे बारीक केले. काही केल्या जमेना. बसला होता तो. खालून मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरांचे हॉर्न ऐकू येत होते. रखवालदारानं कुलूप हातात घेऊन विचारलं, "आक्का, निघायचं का?"

"तू हो पुढं," मी म्हटलं. "मी बसते जरा."